डांग्या खोकल्याच्या दोन लसी : सुरक्षिततेचा हिशेब कुणी, कसा मांडला?



आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण एका अगदी घरगुती प्रसंगापासून करू. दीड महिन्याचं बाळ घेऊन आई-बाबा दवाखान्यात बसलेले आहेत. डॉक्टर विचारतात, "दुखणारी द्यायची की न दुखणारी?" न दुखणारी महाग आहे. दुखणारी स्वस्त आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रात तर ती फुकटच मिळते. सोबत आलेली आजी म्हणते, "आमच्या वेळी एकच होती बाई. रात्रभर ताप यायचा, मांडीला गाठ यायची, आणि दोन दिवसांत पोर खेळायला लागायचं." आई-बाबा एकमेकांकडे बघतात. दोघांच्याही मनात एकच हिशेब असतो : महाग ती चांगली, आणि न दुखणारी ती सुरक्षित. अर्ध्या मिनिटात निर्णय होतो.

हा अर्ध्या मिनिटाचा निर्णय खरं तर नव्वद वर्षांच्या इतिहासावर बसलेला आहे. हा इतिहास मिशिगनमध्ये सुरू होतो, लंडनच्या कोर्टात जातो, जपानमध्ये वळण घेतो, स्वीडनमध्ये तपासला जातो आणि शेवटी आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात येऊन पोचतो. आज आपण तोच पाहणार आहोत. 'दोन लसींपैकी सुरक्षित कोणती?' हा प्रश्न कुणी विचारला, कशाच्या आधारावर विचारला, आणि त्याचं उत्तर प्रत्येक पिढीत थोडं थोडं का बदलत गेलं?

आधी रोगाची ओळख करून घेऊ, कारण आज हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल. डांग्या खोकला हा जिवाणूमुळे होणारा रोग आहे. पहिला आठवडा-दीड आठवडा साधी सर्दी वाटते. मग खोकल्याची उबळ सुरू होते. दहा-पंधरा वेळा, मध्ये श्वास न घेता, मूल खोकत राहतं. चेहरा लाल होतो, मग निळसर पडतो, आणि शेवटी श्वास आत ओढताना तो विचित्र आवाज येतो. त्यानंतर उलटी. हे दिवसातून कित्येक वेळा, आणि कित्येक आठवडे चालतं. चिनी आणि जपानी भाषेत या रोगाचं नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्यात आवाज काढण्याइतकी ताकदच नसते. कधी कधी ते खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. आणि एकदा उबळ सुरू झाली की प्रतिजैविकांनी जिवाणू मरतात, संसर्ग पसरायचा थांबतो, पण जिवाणूच्या विषाने केलेलं नुकसान लगेच भरून येत नाही. म्हणून या रोगात औषधापेक्षा लसीला महत्त्व आलं.

हा जिवाणू ब्रसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू या दोघांनी १९०६ साली वेगळा करून वाढवला. त्यानंतर लसी लगेच निघाल्या, पण त्यांचा भरवसा नव्हता. प्रत्येक प्रयोगशाळेची लस वेगळी, तिची ताकद वेगळी, आणि तुलना करायला नीट गट नाही. डेन्मार्कचे थोरवाल्ड मॅडसेन यांनी फेरो बेटांवरच्या साथींमध्ये लस वापरून पाहिली आणि तिचा उपयोग होतो असं दाखवलं. पण १९३३ साली त्यांनीच आणखी एक गोष्ट नोंदवली. जन्मानंतर लगेच लस दिलेली दोन नवजात बाळं दगावली होती. म्हणजे लक्षात घ्या, लसीचा उपयोग आणि लसीची शंका या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून बरोबरच चालत आल्या आहेत. शंका ही काही आजच्या मोबाइलच्या जमान्याची देणगी नाही.

पहिली खरी भरवशाची लस आली ती अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स या गावातून. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. दिवसभर पाण्याच्या आणि दुधाच्या तपासण्या करायच्या, आणि संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जायचं. मंदीचे दिवस होते. घरात वीज नसली तर कंदिलाच्या उजेडात मुलाच्या तोंडासमोर बशी धरायची, ते तिच्यावर खोकलं की बशी घेऊन परत यायचं आणि जिवाणू वाढवायचा. १९३२ साली हे काम सुरू झालं. १९३४ पासून त्यांनी चाचणी घेतली, आणि तिच्यात लस दिलेली मुलं आणि न दिलेली मुलं असे दोन गट काळजीपूर्वक पाळले. पैसे संपत आले होते, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना प्रयोगशाळा पाहायला बोलावलं. बाई आल्या, आणि पैशाची सोयही झाली. चाळिशीच्या दशकात ही लस घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसींबरोबर एकत्र आली. हीच आपली त्रिगुणी लस.

या लसीत नेमकं काय असतं? जिवाणू वाढवायचा, मारायचा आणि अख्खाच्या अख्खा वापरायचा. म्हणून तिला संपूर्ण पेशी लस म्हणतात. स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. हे म्हणजे कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ. त्यात सगळं आलं. शरीराला ओळख पटावी असे भाग आले, आणि जिवाणूच्या आवरणातलं अंतर्विषही आलं. ते अंतर्विष ताप आणतं, जागा सुजवतं, बाळाला रडवतं. आजी जी गाठ सांगत होती, ती बरीचशी त्याचीच.

ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४० आणि १९५० च्या दशकांत मोठ्या चाचण्या घेतल्या आणि १९५७ साली ही लस देशभर सुरू झाली. त्याआधी ब्रिटनमध्ये एकेका वर्षात लाखाच्या वर रुग्ण नोंदले जात. लसीनंतर हा आकडा झपाट्याने खाली आला. आणि इथे आपल्या गोष्टीतला पहिला पेच सुरू होतो. रोग दिसेनासा झाला, पण लसीचा ताप दिसतच राहिला. १९४० साली ज्या आईने शेजारचं बाळ गुदमरताना पाहिलं होतं, तिला रात्रभराचा ताप स्वस्त वाटत होता. १९७० साली तिच्या मुलीने डांग्या खोकला पाहिलेलाच नव्हता. तिच्या तराजूच्या एका पारड्यात ताप होता आणि दुसरं पारडं रिकामं.

पण प्रश्न फक्त तापाचा नव्हता. १९४८ साली बॉस्टनमधल्या बायर्स आणि मोल या डॉक्टरांनी लसीनंतर मेंदूचा गंभीर आजार झालेल्या १५ मुलांची नोंद प्रसिद्ध केली होती. मग जानेवारी १९७४ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३६ मुलांचा अहवाल छापला. त्रिगुणी लसीनंतर या मुलांना झटके आले होते, काहींचा बौद्धिक विकास खुंटला होता. हा विषय टीव्हीवर आला. रोझमेरी फॉक्स यांच्या पुढाकाराने पालकांची संघटना १९७३ सालीच उभी राहिली होती. ग्लासगोचे प्राध्यापक गॉर्डन स्टुअर्ट जाहीरपणे म्हणू लागले की या लसीचा धोका फायद्यापेक्षा जास्त आहे. ब्रिटनमध्ये साधारण ८० टक्के मुलांना ही लस मिळत होती. काही वर्षांतच तो आकडा तीस टक्क्यांच्या आसपास आला.

इथे आपण थोडं थांबू. या पालकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तसं करू नका. त्यांची मुलं खरोखर आजारी होती. लस दिली आणि त्याच रात्री झटका आला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्यांनी सरकारला विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता : किती मुलांमागे एकाला असं होतं? सरकारकडे याचं उत्तर नव्हतं. लस सुरू होऊन वीस वर्षं होत आली होती, लाखो मुलांना ती टोचली होती, पण हा आकडा काढायची व्यवस्थाच कुणी उभी केली नव्हती. 'लस सुरक्षित आहे' असं म्हणणाऱ्यांकडेही पुरावा तोकडाच होता. लोकांचा विश्वास उडाला तो नुसत्या अफवेने उडाला नाही, या रिकाम्या जागेनेही उडाला.

दुसऱ्या बाजूला एक गणिती अडचण होती, आणि ती आजही प्रत्येक लसीबाबत येते. त्रिगुणी लस तान्ह्या वयात दिली जाते, तीन वेळा. आणि झटक्यांचे कित्येक आजार, लस असो वा नसो, नेमके याच वयात सुरू होतात. देशातल्या बहुतेक सगळ्या बाळांना तीन टोचण्या दिल्या, तर काही बाळांचा पहिला झटका टोचणीच्या दुसऱ्या दिवशी येणारच. तो योगायोग आहे की परिणाम, हे त्या एका बाळाकडे कितीही वेळ पाहून कळत नाही. त्या ३६ मुलांच्या अहवालातही हीच उणीव होती. लसीनंतर आजारी पडलेली मुलं त्यात होती, पण लस न घेता तशीच आजारी पडलेली मुलं किती, हे त्यात नव्हतं.

म्हणून ब्रिटनमध्ये १९७६ ते १९७९ या काळात एक मोठा अभ्यास झाला. प्रमुख होते डेव्हिड मिलर. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या रुग्णालयांत मेंदूच्या गंभीर आजाराने दाखल झालेलं दोन महिने ते तीन वर्षं वयाचं प्रत्येक मूल नोंदवायचं. त्याच वयाची दोन निरोगी मुलं तुलनेला घ्यायची. आणि तिघांच्याही लसीच्या तारखा ताडून पाहायच्या. १९८१ साली निष्कर्ष आले. लसीनंतरच्या सात दिवसांत गंभीर आजाराचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं : अंदाजे १,१०,००० टोचण्यांमागे एक. आणि वर्षभरानंतरही इजा टिकून राहण्याचं प्रमाण अंदाजे ३,१०,००० टोचण्यांमागे एक. वर्तमानपत्रांत हे दोन आकडे दगडावरच्या रेघेसारखे छापले गेले. पण दुसरा आकडा बोटांवर मोजता येतील इतक्या मुलांवर उभा होता. दोन-चार मुलं इकडची तिकडे झाली असती तरी तो बदलला असता.

दरम्यान तराजूचं दुसरं पारडं भरायला लागलं होतं. १९७७ ते १९७९ या साथीत ब्रिटनमध्ये लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा एक मोठी साथ आली. मुलं दगावलीही. सरकारने १९७९ साली लसीमुळे इजा झालेल्यांसाठी दहा हजार पौंडांच्या मदतीचा कायदा केला. एका परीने ही कबुली होती : समाजाच्या भल्यासाठी घेतलेल्या लसीने एखाद्याचं नुकसान झालं, तर त्याचा भार त्याने एकट्याने उचलू नये. मग प्रकरण कोर्टात गेलं. १९८८ साली न्यायमूर्ती स्टुअर्ट-स्मिथ यांनी एका खटल्यात सगळा पुरावा तपासून निकाल दिला, की या लसीने लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध झालेलं नाही. 'होत नाही' असं त्यांनी म्हटलं नाही, 'सिद्ध झालेलं नाही' असं म्हटलं. हा फरक ध्यानात ठेवा.

आता आपण जपानला जाऊ, कारण दुसरी लस तिथेच जन्माला आली.

जपानमध्ये १९७४ साली परिस्थिती उत्तम होती. सुमारे ८० टक्के मुलांना लस मिळत होती. त्या वर्षी देशभरात डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण, आणि मृत्यू एकही नाही. मग डिसेंबर १९७४ आणि जानेवारी १९७५ मध्ये दोन बाळं लसीनंतर चोवीस तासांत दगावली. सरकारने लस थांबवली. दोनच महिन्यांनी ती पुन्हा सुरू केली, पण आता वयाच्या दुसऱ्या वर्षापासून. लोकांचा विश्वास मात्र परत आला नाही. १९७६ पर्यंत लस घेणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घसरलं. आणि १९७९ साली तेरा हजारांहून अधिक रुग्ण झाले, ४१ मृत्यू झाले. दोन मृत्यूंच्या भीतीने थांबवलेल्या लसीची ही दुसरी बाजू. पहिले दोन मृत्यू सगळ्या देशाला माहीत होते. ४१ मृत्यू हे 'रोगाचे' मृत्यू, त्यांचा दोष कुणावर ठेवायचा?

पण जपानने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचं श्रेय त्यांना द्यायला हवं. तोक्योच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत युजी सातो आणि हिरोको सातो यांनी जिवाणूमधले मोजके भाग शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. मुख्यतः त्याचं विष, अर्थात निष्प्रभ केलेलं, आणि श्वासनलिकेला चिकटण्यासाठी तो जे प्रथिन वापरतो ते. बाकीचा जिवाणू आणि अंतर्विष जवळजवळ सगळं बाजूला. ही पेशीविरहित लस. आपल्या उदाहरणात बोलायचं तर हा मैदा : चाळून, कोंडा काढून, मऊसूत. १९८१ साली जपानमध्ये ती सुरू झाली. ताप कमी, सूज कमी, रडणं कमी. रुग्णांचा आकडा पुन्हा उतरला. तुमच्या डॉक्टरांची 'न दुखणारी' ती हीच.

मग जगाने ती लगेच का घेतली नाही? कारण आता प्रश्न शिस्तीने विचारायचा होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पंधरा हजारांहून अधिक त्रिगुणी टोचण्यांची नोंद मांडली, आणि डांग्या खोकल्याचा भाग नसलेल्या दुगुणी लसीशी तिची तुलना केली. ताप त्रिगुणीत सुमारे ३१ टक्के, दुगुणीत सुमारे १५ टक्के. झटका १,७५० टोचण्यांमागे एक. बाळ एकदम गलितगात्र आणि निपचित होण्याचा प्रकारही तितकाच. पाहायला भयंकर, पण त्या अभ्यासातली ही मुलं बरी झाली, मागे काही राहिलं नाही. म्हणजे आजीचं म्हणणं खरं होतं. लस त्रास देते, पण तो त्रास जातो.

स्वीडनने १९७९ साली संपूर्ण पेशी लस थांबवली होती, आणि पुढची सतरा वर्षं तिथे बाळांना नेहमीच्या लसीकरणात डांग्या खोकल्याची कुठलीच लस नव्हती. रोग परत आला होता, हजारोंच्या संख्येने. त्यामुळे लस आणि निव्वळ डमी यांची थेट तुलना तिथे करता आली. स्वीडन आणि इटली या दोन देशांतल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९६ साली आले. सुरक्षिततेच्या बाबतीत निकाल एकतर्फी होता. पेशीविरहित लसींनी ताप, सूज आणि लांबलेलं रडणं खूप कमी केलं होतं, जवळपास डमीइतकंच. पण परिणामकारकतेचे आकडे पाहून सगळे चक्रावले. तुलनेला घेतलेली एका कंपनीची संपूर्ण पेशी लस अगदीच कमजोर निघाली : स्वीडनमध्ये सुमारे ४८ टक्के, इटलीत सुमारे ३६ टक्के. पेशीविरहित लसींपैकी चांगल्या होत्या त्या ८५ टक्क्यांच्या आसपास. पुढच्याच एका स्वीडिश चाचणीत ब्रिटनमध्ये बनलेली दुसरी संपूर्ण पेशी लस घेतली, तर ती उत्तम ठरली. याचा अर्थ 'संपूर्ण पेशी लस' ही एक वस्तू नाहीच. ती कुणी, कशी बनवली त्यावर सगळं आहे. पण धोरण ठरायचं ते ठरलं. अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमानंतर १९८२ पासून खटल्यांची रांग लागली होती, लस बनवणाऱ्या कंपन्या मागे हटत होत्या, १९८६ साली नुकसानभरपाईचा वेगळा कायदा करावा लागला होता. अशा वातावरणात अमेरिकेने नव्वदच्या दशकात, आणि ब्रिटनने २००४ साली, पेशीविरहित लस स्वीकारली.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. पण पुढे दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींनी हिशेब बदलला.

पहिली गोष्ट २००६ सालची, ऑस्ट्रेलियातली. सॅम्युएल बर्कोविच आणि इन्ग्रिड शेफर यांच्या गटाने 'लसीमुळे मेंदूला इजा' असं निदान झालेले १४ रुग्ण घेतले आणि त्यांची जनुकं तपासली. चौदापैकी अकरा जणांत एकाच जनुकात बदल सापडला. त्या बदलामुळे द्रावे सिंड्रोम नावाचा अपस्माराचा गंभीर प्रकार होतो. तो पहिल्या वर्षातच सुरू होतो, आणि बहुतेकदा पहिला झटका तापात येतो. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं, की अशा मुलांत पहिला झटका लसीनंतर आला काय किंवा एरवी आला काय, पुढचा आजार सारखाच राहिला. म्हणजे लसीच्या तापाने झटक्याची तारीख ठरली असेल, पण आजार जन्मापासून जनुकात होता. तीस वर्षं ज्यांना 'तुमचा भ्रम आहे' असं सांगितलं गेलं, त्यांना अखेर खरं उत्तर मिळालं. भ्रम नव्हता. आजार खरा होता, ठपका मात्र चुकीच्या ठिकाणी बसला होता. आणि हे उत्तर तेव्हा देणं शक्यच नव्हतं, कारण ते जनुक तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट २०१० सालची. कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची साथ आली. नऊ हजारांहून अधिक रुग्ण, दहा तान्ह्या बाळांचा मृत्यू. २०१२ साली अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक रुग्ण झाले, जे पन्नासच्या दशकानंतर कधी झाले नव्हते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये १४ बाळं दगावली. आणि रुग्णांत सात-आठ ते बारा वर्षांची अशी मुलं भरपूर होती, ज्यांनी सगळे डोस वेळेवर घेतले होते. निकोला क्लाइन यांच्या गटाने २०१२ साली दाखवलं, की पेशीविरहित लसीच्या पाचव्या डोसानंतर रोग होण्याची शक्यता दर वर्षी सरासरी ४२ टक्क्यांनी वाढत जाते. लहानपणी संपूर्ण पेशी लस घेतलेल्यांचं संरक्षण त्यामानाने जास्त टिकलेलं दिसलं. २०१४ साली अमेरिकेत बबून माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पेशीविरहित लस घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जिवाणू त्यांच्या घशात वाढत राहिला आणि त्यांनी तो दुसऱ्यांना दिला. संपूर्ण पेशी लस घेतलेल्यांतून तो लवकर नाहीसा झाला. मैद्यातून कोंडा काढताना आपण काहीतरी उपयोगाचंही चाळून टाकलं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे परत या : सुरक्षित कोणती? टोचल्यानंतरचे ४८ तास मोजले, तर पेशीविरहित लस, यात वाद नाही. दहा वर्षं मोजली, तर उत्तर डळमळायला लागतं. आणि शेजारच्या घरातलं, अजून पहिला डोसही न मिळालेलं महिन्याभराचं बाळ हिशेबात धरलं, तर उत्तर आणखी बदलतं. कारण त्या बाळाची सुरक्षितता त्याच्या स्वतःच्या लसीत नसते, आपल्या मुलांच्या घशात जिवाणू आहे की नाही, त्यात असते.

याला एक सुंदर वळणही आहे. त्या तान्ह्या बाळांना वाचवण्यासाठी ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर स्त्रियांना लस द्यायला सुरुवात केली, म्हणजे आईची प्रतिपिंडं बाळाला जन्मतःच मिळतील. या कामाला कोणती लस चालली? पेशीविरहित. कारण संपूर्ण पेशी लस मोठ्या माणसांना देत नाहीत, तिचा त्रास फार होतो. म्हणजे जी लस साथ रोखायला कमी पडली, तीच पाळण्यातल्या बाळाची ढाल झाली. इतिहासात एकच बाजू कायम बरोबर, असं क्वचितच असतं.

आणि आपल्याकडे? भारताच्या सरकारी कार्यक्रमात पहिल्यापासून संपूर्ण पेशी लसच आहे. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्रिगुणी म्हणून, आणि २०११ पासून तमिळनाडू व केरळपासून सुरुवात करून पेंटाव्हॅलेंट म्हणून. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, आणि मग दीड वर्षाला व पाच वर्षांना त्रिगुणीचे बूस्टर. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट याच प्रकारची लस बनवते आणि ती जगातल्या कितीतरी गरीब देशांत जाते. शंका आपल्या भागातही येऊन गेली. श्रीलंकेने २००८ साली काही बालमृत्यूंनंतर पेंटाव्हॅलेंट थांबवली होती, आणि चौकशीनंतर २०१० साली पुन्हा सुरू केली. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या समितीने २०१३ साली सांगितलं, की सुरुवातीच्या तीन डोसांसाठी संपूर्ण पेशी लसीला पसंती द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली हेच म्हटलं, की जे देश ही लस वापरतात त्यांनी ती चालू ठेवावी.

त्यामुळे जी आई उपकेंद्राच्या रांगेत उभी राहते, आशाताईने दिलेली पॅरासिटामॉल बाळाला देते आणि रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसते, तिने गरिबांची दुय्यम लस घेतलेली नाही. आणि जिने पैसे मोजून न दुखणारी घेतली, तिनेही चूक केलेली नाही. तिने फक्त पुढचे बूस्टर चुकवू नयेत. ज्या बाळाला आधीच्या डोसानंतर झटका आला असेल किंवा ते निपचित पडलं असेल, त्याची गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांना सांगायचा संकोच करू नका.

शेवटी एवढंच. या इतिहासात सगळ्यात महाग पडली ती कुठलीच लस नव्हे. महाग पडली ती न ठेवलेली नोंद. १९५७ पासून ब्रिटनने टोचणीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची नीट नोंद ठेवली असती, तर १९७४ साली पालकांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं, आणि पुढच्या साथीतली कित्येक मुलं आजारी पडली नसती. आज आपल्याकडे लसीनंतरच्या प्रतिकूल घटना नोंदवायची यंत्रणा आहे. ती चालते ती एखाद्या परिचारिकेने फॉर्म भरला तर, आणि एखाद्या आईने काल रात्री काय झालं ते सांगितलं तर. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात 'दुखणारी की न दुखणारी' असं विचारतील, तेव्हा आपणही एक प्रश्न विचारू : "डॉक्टर, काही झालं तर आम्ही कुणाला कळवायचं?" तुलनेची सुरुवात तिथूनच होते.